काच खाली करणारे शेजारी

नातवंडांनो, तुम्हा दोघांनाही तिकडे गाडीचं लायसन्स मिळालं असं कळलं, म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांविषयी आताच लिहिते.

ते हायवेच्या देखभालीवरून निवृत्त झालेले इंजिनियर. नोएडाहून दिल्लीला जाताना मलाही गाडीतून नेत. पूल आला की बोलणं थांबवून काच खाली करत आणि पुलाच्या सांध्यांवरून चाकं जातानाचा आवाज ऐकत; सांधा धड आहे की नाही, ते त्यांना आवाजावरून कळे.

"अहो, काच वर करा, धूळ येतेय!" पुढच्या सीटवर बसलेली त्यांची बायको ओरडे.

"एक मिनिट यार, ऐकू दे."

एकदा आवाज निराळाच आला. त्यांनी गाडी कडेला घेतली. सांध्याची लोखंडी पट्टी एका बाजूने उखडून वर आली होती.

"वहिनी, तुमची लाल शाल द्या," ते मला म्हणाले, आणि मागे चालत जाऊन भरधाव गाड्यांसमोर ती हलवत उभे राहिले.

एक ट्रकवाला अगदी जवळून वळला. "मरना है क्या, ताऊ?"

"आगे लोहा निकला है! धीरे!"

आम्ही दोघी कठड्याला चिकटून उभ्या होतो. त्यांची बायको माझा हात आवळून एकच म्हणत होती, "बाजूला व्हा हो." त्या गोंगाटात त्यांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं.

गस्तीची गाडी येईपर्यंत ते हलले नाहीत. परतले तेव्हा त्यांनी किल्ली बायकोच्या हातात ठेवली.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. पट्टी बदलली गेली. पूल अजून आहे, आणि तेही आहेत.