सावली पडली म्हणून टाकलेले शॉट

कॅनडातल्या मिसिसागात, विमानतळाजवळच्या एका गोदामात मी जुन्या फिल्म तपासते. शिक्षण केमिस्ट्रीचं, त्यामुळे मला त्यात कला कमी आणि रसायन जास्त दिसतं.

गेल्या हिवाळ्यात किचनरच्या एका नर्सने फिल्मचे सात डबे आणून दिले. तिच्या पणजीने रशियातून येताना सोबत आणलेले. पणजी आधी नटी होती, मग संकलनाच्या टेबलावर बसली, मग स्वतः मूकपट दिग्दर्शित करू लागली, असं नर्सचं म्हणणं. पण सहा रिळांच्या सुरुवातीला दिग्दर्शक म्हणून एका पुरुषाचं नाव होतं आणि कॅटलॉगमध्ये तेच जाणार होतं.

“पुरावा आणा, बदलू,” सुपरवायझर म्हणाली. नर्स दर सोमवारी फोन करून विचारायची, सापडलं का काही?

सातव्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. उघडला तर कडेला तपकिरी भुगा, आत मधासारखा चिकटा. अशी फिल्म आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून नियम साधा आहे: पाण्याच्या पिंपात बुडवायची आणि नष्ट करायला पाठवायची. पिंपं न्यायची गाडी शुक्रवारी येणार होती. तो दिवस बुधवार होता.

लाइट टेबलवर मी रीळ हाताने फिरवायला घेतलं. एकच शॉट, पुन्हा पुन्हा. बर्फाचं मैदान, घोड्याची घसरगाडी, लगाम धरलेला माणूस. कॅमेऱ्यामागे सूर्य कललेला, त्यामुळे बर्फावर दोन सावल्या आलेल्या. एक तिपाईची आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्याची. दुसरी लांब कोट आणि टोपी घातलेल्या बाईची. त्या सहा रिळांतल्याच एका प्रसंगाचे, सावली पडली म्हणून टाकून दिलेले शॉट होते ते.

बाईच्या सावलीने हात वर केला. गाडीतला माणूस थांबून राहिला. हात खाली आला, गाडी निघाली.

दुसऱ्या शॉटमध्ये सावली लांबली होती. सूर्य उतरला की लांबणारच. तिसऱ्यात ती घोड्याच्या पायांपर्यंत पोचली. मग माझ्या लक्षात आलं, तिचा हात वर गेला की माझं फिरवणं थांबतंय. खाली आला की सुरू होतंय.

शेजारच्या टेबलावर नागपूरचे एक दादा बसतात, रिटायरमेंटला आलेले.

“ताई, हँडल अडकलं काय?”

“नाही.”

“मग सारख्या थांबून कशाला राहिल्या?”

मी त्यांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच मागे सरकले.

“ही बाई माझ्याकडेच पाहून राहिली.”

“दादा, सावलीला डोळे नसतात.”

“म्हणून तर म्हणतो.”

नर्सने दिलेल्या कागदांत, रिळांवर दिग्दर्शक म्हणून नाव असलेल्या त्या पुरुषाचा एक छापील फोटो होता. गाडीतल्या माणसाचा चेहरा मी त्याच्याशी ताडून पाहिला. तोच. शॉट संपला की तो टोपी काढून काहीतरी विचारायचा. सावली मान हलवायची, मागे बोट दाखवायची. तो परत जायचा. चार वेळा.

“नवरा असता तर दोनदाच गेला असता,” दादा म्हणाले. “बॉस आहे ती.”

स्कॅनरमधून ते रीळ एकदाच जाऊ शकणार होतं. गुरुवारी घातलं. शेवटच्या, पाचव्या शॉटमध्ये फिल्मवर पसरलेल्या डागाने आधी माणूस गिळला, मग घोडा. सावली मात्र शेवटच्या फ्रेमपर्यंत स्वच्छ राहिली. केमिस्ट्रीत त्याचं उत्तर असेल. मला अजून मिळालेलं नाही.

सुपरवायझरने स्कॅन दोनदा पाहिला आणि सही केली. मी दिग्दर्शकाच्या रकान्यात पणजीचं नाव टाईप केलं, त्या पुरुषाचं नटांमध्ये टाकलं. मग नर्सला फोन लावला.

ती म्हणाली, “चेहरा दिसतो?”

“नाही.”

“आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. उंच होती का?”

“कललेल्या उन्हातल्या सावलीवरून उंची सांगता येत नाही,” मी म्हटलं.

ती बहुतेक रडत होती. मी फोन ठेवला. शुक्रवारची गाडी दाराशी लागली होती आणि पिंपाचं झाकण अजून बसवायचं होतं.