जड रायफल

तारनाक्याला आमच्या शेजारचे चाचा पूर्वी निजामाच्या फौजेत होते. ते कशालाही "हौ" म्हणायचे. भाषावार राज्यं होताना आम्ही मराठी कारकून आता मुंबई राज्यात जाणार का, तर हौ. इथंच राहणार का, तरी हौ.

जाण्याआधी एक हरिण मारायचंच म्हणून फौजेतल्या जुन्या रायफली विकणाऱ्या दुकानात मी त्यांना नेलं. मी हलकी रायफल उचलली, तेव्हा ते पहिल्यांदाच "नक्को" म्हणाले आणि सगळ्यात जड माझ्या हातात दिली. त्यांना माझ्या दंडांची पारख आहे, असं समजून मी छाती काढून घरी आलो.

रानात ती खांद्याला लावेपर्यंत हरणं सावकाश चरत टेकडीपलीकडे गेली.

"चाचा, रायफल तुम्ही हरणांसाठी निवडली होती का?"

"हौ."

त्यांचा एवढा एकच हौ मला खरा वाटला.