काकांचं बिनपाण्याचं झाड

पुण्यात बसून समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्याच डोक्यावर, कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. काकांकडे एक कुंडी आहे. तिच्यात वीतभर उंचीचं, जमीन धरून पसरणारं, चंदेरी पानांचं झुडूप होतं. वर्षातून एकदा त्याला शर्टाच्या गुंडीएवढी पांढरी फुलं यायची. द्वारकेच्या यात्रेत बाकीची मंडळी दर्शनाच्या रांगेत उभी असताना काकूंनी ते किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूतून उकरलं आणि पोळ्यांच्या डब्यात घालून पुण्याला आणलं. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. हे ठाऊक होतं म्हणूनच आम्ही इतकं सहन केलं.

म्हणजे किती? या झाडाला पाणी चालत नाही, वारा लागतो. पुण्यात समुद्राचा वारा नाही हा काकांच्या मते महापालिकेचाच हलगर्जीपणा. म्हणून रोज चार ते सहा ते कुंडीवर टेबलफॅन सोडायचे, आणि कुंडीतली वाळू आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तक्रार केली तर म्हणाले, "किनाऱ्यावर राहणारे लोक तक्रार करतात का?" पावसाळ्यात घरातली एकुलती एक छत्री नाडीने कुंडीवर बांधलेली, आणि काका स्वतः भिजत दूध आणायला. "काका, छत्री कुठंय?" "कामात आहे." एकदा त्यांच्याकडच्या कामाच्या बाईंनी पानांवरची चंदेरी लव ओल्या फडक्याने पुसायला घेतली. "किती घासलं तरी धूळ निघंना," असं त्यांनी काकांनाच सांगितलं. काका बाईंना चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला बोलावून झापलं, कारण बाई मी मिळवून दिल्या होत्या.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस ते हडपसरला मुलीकडे राहणार होते. कुंडी माझ्याकडे आली. सूचना एकच. "काहीही करायचं नाही. जमेल?" तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न!

पण रोज सकाळी देवांना आंघोळ घातली की ताम्हनात पाणी उरतं. ते मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, ही माझ्या आईची शिकवण. आमची तुळस त्या उन्हाळ्यात वाळून गेली होती. गॅलरीत दुसरं झाड तेवढंच, आणि तेही पांढरंफटक, तहानेलं दिसायचं. देवाचं पाणी म्हणजे काही नळाचं पाणी नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. नळाचंच होतं. सातव्या दिवशी पानं काळी पडून गळायला लागली. नवव्या दिवशी एक काडी सोडून सगळं झुडूप लोळलं. मला जेवण जाईना. मी बायकोला म्हणालो, आपण घर बदलू या.

काका आले. ऑपरेशन, माझ्या दुर्दैवाने, उत्तम झालं होतं. त्यांनी कुंडी पाहिली, वाळूत बोट खुपसलं. बोटाला अक्षतेचा एक दाणा चिकटून आला.

"पूजेचं?"

"हो. काका, चुकलं माझं. फार मोठी चूक झाली."

मी मान खाली घालून उभा राहिलो. सोसायटीच्या सेक्रेटरींची बिनपाण्याने करणारा हा माणूस, आता आपली पाळी. पण काका तिथेच फरशीवर बसले.

"हिने तीन आणली होती," ते म्हणाले. "दोन अशीच गेली. रोज ताम्हन घेऊन यायची, ऐकायचीच नाही. दुसरं मेलं तेव्हा मी हिच्याशी आठवडाभर बोललो नाही."

त्यांनी तो दाणा बोटावरून काढून खिशात टाकला.

"फुकट गेला तो आठवडा."

त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उरलेली काडी आता वर त्यांच्या गॅलरीत आहे. तिला दोन पानं फुटली आहेत म्हणे. फॅन पुन्हा सुरू झालाय. काल बायको चादर झटकत वैतागून म्हणाली, "अहो, बोला ना त्यांना काहीतरी!"

मी म्हटलं, "पडू दे गं वाळू. किनाऱ्यावर राहतो आपण."