मंद्रूपच्या बाजारातलं पांढरं मलम

माझी आई तानाबाई जन्मभर मेंढरांमागं हिंडली, पण उन्हाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. माझ्यासाठी स्थळं बघत होते त्या वर्षी मावशीनं मंद्रूपच्या बाजारातून पांढरं मलम आणलं. ते लावलं की उन्हानं कातडी काळवंडत नाही, म्हणे.

"आत काय घातलंय?" आईनं विचारलं.

"विलायती हाय की!" मावशीला एवढंच ठाऊक.

कुठलंही नवं औषध आई आधी मेंढराला लावून बघायची. तिनं ते एका कोकराच्या तोंडाला आणि पाठीला चोळलं. दुपार पेंगत होती. झळांमध्ये लांबची मेंढरं पाण्यावर चालल्यासारखी दिसत होती आणि माळभर मलमातल्या गुलाबाचा वास तरंगत होता. कोकरू दूध प्यायला गेलं. मेंढीनं त्याला हुंगलं आणि ढुशी देऊन लोटलं. ते परत गेलं, तिनं परत लोटलं.

आईनं कोकरू धुऊन काढलं आणि मलम मातीत पुरलं.

मावशी भडकली. "आता पोरगी काळीच ऱ्हाईल की!"

आईनं माझं तोंड ओंजळीत धरलं, हुंगलं.

"ऱ्हाऊ दे. माझ्या वळकीची तर ऱ्हाईल."