पाण्याखालचा डोंगर

डोंगरकडा गावच्या नामाजी धनगराचा थोरला पोरगा भारत मेंढरांमागे कधी रमला नाही. दुपारी कळप सावलीला बसला, की हा जवळच्या विहिरीत. बुडी मारली की इतका वेळ आत राहायचा, की काठावर धुणं धुणाऱ्या बायका घाबरून हाका मारू लागायच्या.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात इसापूर धरणावर पाण्याखालचं काम करणारी माणसं आली. पाठीवर हवेची टाकी बांधून ती आत उतरत. तेव्हा भारत विशीचा होता. तो त्यांच्या मागे लागला, हाताखाली राहिला, आणि काम संपल्यावर त्यांच्याबरोबरच निघाला.

"जाय," नामाजी म्हणाला. "मेंढरं मी बघतो."

फिरत फिरत भारत अंदमानात पोचला आणि पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या बोटीवर कामाला लागला. मधे लग्न झालं. बायको राधिका सासू-सासऱ्यांपाशी गावातच राहिली. वर्षाकाठी तो यायचा आणि ओसरीवर बसून समुद्रातल्या डोंगराची गोष्ट सांगायचा. किनाऱ्यापासून लांब, तळातून उठलेला अख्खा डोंगर. पण माथा पाण्याच्या वर नाही, दहा पुरुस, म्हणजे दहा माणसांच्या उंचीइतका खाली.

"पान्यात डोंगर?" त्याची आई पंचफुलाबाई हसायची. "मंग त्याच्यावर चरतं काय?"

"मासे, माय. आपल्या मेंढरांवानी, समदे एकीकडं तोंड करून. पण तिथली धार लई वंगाळ. पैनगंगेचा पूर परवडला."

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत त्याच डोंगरावर तो नागपूरच्या एका गृहस्थांना घेऊन उतरला. बोटीवर दोघांच्या गप्पा झाल्या होत्या. मराठी बोलणारा भेटला म्हणून ते गृहस्थ खूश होते. नांगराच्या दोराला धरून दोघं माथ्यावर पोचले आणि खडकाच्या आडोशाला थांबले. तेवढ्यात धार फिरली. कड्यावरून पाणी खाली कोसळू लागलं. गृहस्थांचा हात खडकावरून सुटला आणि ते त्या पाण्याबरोबर काळोख्या निळ्यात खाली जाऊ लागले.

भारत मागे गेला. खूप खोल गेल्यावर त्याने त्यांना गाठलं. त्यांच्या तोंडातली हवेची नळी सुटली होती. त्याने ती परत बसवली, पण छाती हलेना. इतक्या खोलवरून थांबत थांबतच वर यायचं असतं. घाई केली, तर झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे धरतात. हे तो दर पाहुण्याला सांगायचा. आता थांबायला वेळ नव्हता. त्यांना कवटाळून तो थेट वर आला.

गृहस्थांनी बोटीवरच प्राण सोडला. भारतच्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग काहीच जाणवेना. यावर इलाज एकच, हवेचा दाब वाढवता येईल अशी लोखंडी बंद खोली. ती दुसऱ्या बेटावर होती. वारा उठला होता, बोट निघेना. नेलं तेव्हा उशीर झाला होता.

भारत गावी आला. जीपमधून नामाजीने त्याला पाठीवर घेऊन घरात नेलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाय ठोकून पाहिले आणि आता आशा धरू नका म्हणाले. पंचफुलाबाईने मात्र धरली. रोज सकाळी ती वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून लेकाच्या पोटऱ्या शेकायची.

"शेक लागून राहिला का रं?"

पहिल्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "व्हय माय. जरासं."

मग तो रोजच व्हय म्हणू लागला. बाई गावभर सांगत सुटली. वीट दिवसेंदिवस जास्त तापू लागली. एका सकाळी फडकं सरकलं. ती शेजारणीशी बोलत होती, तो छपराकडे बघत होता. कातडी जळल्याचा वास आधी राधिकाला आला. ती धावत आली. पोटरी भाजून पांढरी पडली होती आणि भारतच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

पंचफुलाबाई जखमेकडे बघत राहिली. "मंग रोज व्हय म्हनत व्हतास ते?"

"तुला बरं वाटावं म्हून."

तिने वीट उचलली आणि परसात नेऊन टाकली. त्यानंतर शेक बंद झाला, आणि तिचं गावात बोलणंही.

जखम पावसाळाभर भरली नाही. पुढे नामाजीची कंबर धरली, तेव्हा मेंढरांमागे राधिका जाऊ लागली. एकदा भारतचं अंथरूण बदलताना तिने विचारलं, "अवो, काहून गेलते त्या मानसामागं? सोडून द्यायचं व्हतं."

"सोडलं असतं तरी मेलाच असता," भारत म्हणाला. "न्हाई सोडलं, तरी मेला."

राधिकाने चादरीची टोकं नीट खोचली आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेली.