हनुवटी धरण्याविषयी

ज्ञानदानाइतकं पवित्र कार्य जगात दुसरं नाही. म्हणूनच शांती नगरातल्या एका शाळेत शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात समई लावून झाली. वात विझू नये म्हणून सगळे पंखे बंद केले. पाच मान्यवर, पाच वाती, चाळीस घामेजलेले शिक्षक. पंख्यांची घरघर थांबल्यामुळे हॉलमध्ये सुखात होते ती एकटी मी.

मी ऑटिस्टिक आहे, वय त्रेचाळीस. आमच्यासारख्या मुलांना कसं शिकवावं याची एक पुस्तिका त्या दिवशी वाटणार होते, आणि मला मनोगतासाठी बोलावलं होतं. संयोजक सरांनी पुस्तिका हातात दिली. शेवटच्या पानावर चौकटीत माझं मनोगत छापून तयार होतं: ‘मी माझ्या वेगळ्या विश्वात रमणारे एक फूल आहे.’

“हे कोणी लिहिलं?”

“समितीने. तुम्हाला त्रास नको म्हणून, मॅडम. तुम्ही फक्त वाचायचं.”

“मी मोरव्याला राहते, सर. वेगळ्या विश्वाला तिथून बस नाही.”

सर खूश झाले. “अरे वा, तुम्हाला विनोदही जमतो!”

भाषणं चालू असताना मी पुस्तिका वाचली. पान एकोणीस: ‘मूल नजरेला नजर देत नसल्यास हनुवटी धरून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवावा.’

चौथीत आमच्या बाई हेच करायच्या. मला बारा साती चौऱ्याऐंशी येत असायचं. मग हनुवटीवर खडूची बोटं यायची, समोर बाईंचे डोळे यायचे आणि चौऱ्याऐंशी निघून जायचं. “बघ माझ्याकडे! चोरी केलीयस का?” वर्ग हसायचा. हे वर्षभर चाललं. बघायला मी शिकले. त्या वर्षीचं गणित मात्र राहिलं ते राहिलंच.

माइक हातात आल्यावर मी चौकट वाचली नाही. पान एकोणीस वाचलं, चौथीचं सांगितलं आणि म्हटलं, “हे वाक्य काढा. सोमवारी वर्गात जाऊन तुम्ही हेच करणार आहात.”

मागून एका बाईंनी विचारलं, “मग पोराचं लक्ष आहे की नाही, कळणार कसं?”

“त्याला प्रश्न विचारून.”

सरांनी हलकेच माइक काढून घेतला. “मॅडम फारच भावुक झाल्या.” मी भावुक नव्हते, संतापले होते. पण आम्हाला भावना नीट व्यक्त करता येत नाहीत, हे पान सातवर आधीच दिलेलं होतं.

सर मला शाल घालत असताना मी पुन्हा विचारलं, “पान एकोणीसचं काय?”

“पुढच्या आवृत्तीत शंभर टक्के. लिहून घेतलंय.” आणि खरंच, त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतलं. नंतर मी तीन ईमेल केले. तिन्हींना ‘धन्यवाद’ असं उत्तर आलं.

या जूनमध्ये नवी आवृत्ती कुरिअरने घरी आली. मुखपृष्ठावर छापलंय: ‘ऑटिस्टिक व्यक्तींच्या मार्गदर्शनानुसार सुधारित’. मी उभ्याउभ्याच पान एकोणीस काढलं. वाक्यात एक शब्द वाढला आहे. आता हनुवटी प्रेमाने धरायची आहे.