बंदुका ठाण्यात, गोफणी हातात

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, निपाणीजवळ गावी परतलो. वाटलं, आता बंदूक उचलायची ती रानडुकरांसाठीच. मेलेली माणसं उठून चालायला लागली त्या आठवड्यात तीही जवळ नव्हती. निवडणूक लागली होती, आणि आमच्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात. ठाणं पहिल्याच दिवशी पडलं.

आम्ही गावकरी तंबाखूच्या वखारीत अडकलो. माझी सून सुनंदा त्यात होती, दिवस भरलेली. तिला बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फोन अजून लागत होता. बेळगावहून माझ्या जुन्या युनिटचे सुभेदार साहेब बोलले.

“दुपारी गाडी हायवेच्या फाट्यावर येईल. आत येणार नाही.”

“हत्यार काय वापरू, साहेब?”

“लांबून मारणारं. पण आवाज नको. आवाजावर येतात.”

आजही लोक मला विचारतात, हत्यार कुठलं बरं? अहो, बारा बोअर एकदा वाजली की शिवारातले सगळे मेलेले पाहुणचाराला हजर! धनुष्यबाण पडद्यावर शोभतो. आमच्यात राहिली गोफण. शाळूची ज्वारी पाखरांपासून राखणारा प्रत्येक गडी ती फिरवतच मोठा झालेला. काडतूस नको, दगड हवे तेवढे. डोक्यावर नेम धरू नका, असा मी हुकूम दिला. गुडघा फोडा. मग तो सरपटतो, आणि सरपटणाऱ्याला पहारीने संपवता येतं.

गोफणवाल्यांची पोझिशन वखारीच्या पत्र्यावर. पहिले दगड सुटले, हाडं मोडली, एकाचा जबडाच उडाला. खाली मी आणि शेजारचा बापू पहारीने कवट्या फोडत होतो. हात कोपरापर्यंत काळ्या रक्ताने बरबटले. तेवढ्यात पत्र्यावरून आरोळी आली, “हाऽऽ हुर्र!”

माझा चुलतभाऊ, महादेवअण्णा. जन्मभर पाखरं हाकलली, दगडाबरोबर आरोळी सुटणारच. त्याचं ऐकून बाकीचेही ओरडले. उसातले मेलेले आमच्याकडे वळले.

“अण्णा, तोंड बंद!”

“सवय हाय रं! हात सुटला की तोंड सुटतंय!”

आम्ही आत शिरून दार लावेपर्यंत त्यांनी बापूला धरलं आणि ओढून नेलं. त्याचं ओरडणं संपेपर्यंत आम्ही ऐकलं. दार वाकायला लागलं. फाट्यावर गाडी येऊन थांबली होती, आणि मधे हे सगळे. अण्णा मागच्या बाजूने पत्र्यावरून उतरायला लागला.

“कुठं निघालास?”

“शाळवातल्या राखणीच्या माळ्यावर. ह्यास्नी तिकडं बोलवतो. तू सुनंला काढ.”

“ऑर्डर न्हाय तुला!”

“मी तुझ्या फौजेत न्हाय, गड्या.”

माळ्यावर चढून तो आरोळ्या ठोकत राहिला. दारावरची गर्दी तिकडे गेली. सुनंदाला गावातल्या दोघींनी धरून पळवत नेलं. ती गाडीत चढली तोवर शाळू गप्प झाला होता.

एका जवानाकडून मी रायफल मागून घेतली आणि थांबलो. थोड्या वेळाने अण्णा शाळवातून चालत आला. गळा फाटलेला, गोफणीचा फास अजून बोटात. कोणीतरी दगड उचलला.

“त्येला दगड न्हाय,” मी म्हणालो.

एका गोळीत तो पडला. त्याला मी सरपटू दिलं नाही. मग तिथंच रस्त्यावर बसून मोठ्याने रडलो. जवानांनी कव्हर दिलं, गाडीबरोबर आलेल्या साहेबांनी ती थांबवून धरली.

अण्णाला फाट्यावरच अग्नी दिला. बापूचं जाळायलाही काही उरलं नव्हतं.